नऊ दाबा

आजोबा माझे धार लावायचे,
विळ्या, कात्र्या, अडकित्ते, दारोदार.
मी लाईन लावतो.
निसार शिकलगार, इंटरनेटवरचे फोन,
उद्यमनगर ते शिरोली, पंचगंगेच्या अल्याड-पल्याड.

मगदुमांच्या कारखान्यात गेलो तेव्हा
मालक म्हणाले, बसा की, चहा घ्या आधी.
मग म्हणाले, वायर काढणार म्हणतासा,
तर आवाज येणार कुठनं?
मी म्हटलं, उसाच्या कांड्या करतात ना,
तशा आवाजाच्या होतात.
प्रत्येक कांडीवर नंबर, पत्ता.
एक जाते मुंबईवरनं, एक चेन्नईवरनं,
एखादी वाटेत हरवतेही,
बाकीच्या राजकोटला पोचून
पुन्हा मोळी बांधून उभ्या.
"आणि हे कितीत?"
"पापणी लवायच्या आत."
"तसं न्हवं. पैशात."

कोपऱ्यात जुनी पेटी, आठ लाईनी, चोवीस एक्स्टेन्शन,
आणि पेटीसमोर विजयमालाबाई पोवार,
एकतीस वर्षं.
लेथ चालू असताना कुणाशी किती ओरडून बोलायचं,
निपाणीच्या शिरगुप्पींना आधी बिलाचं नाही,
आईच्या गुडघ्याचं विचारायचं,
'साहेब बाहेर गेलेत' म्हणताना
कधी खरंच बाहेर असतात
आणि कधी समोर मान हलवत उभे,
हे कुठल्या वायरीत नव्हतं.
मी पेटीचे स्क्रू काढायला लागलो.
बाईंनी स्क्रू ठेवायला बशी दिली.

पहिला आठवडा तयार आवाज लावला, पुण्याहून आलेला,
गुळगुळीत, संगमरवरावरनं पाणी ओघळावं तसा.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
शिरगुप्पींनी तीनदा फोन ठेवला.
चौथ्यांदा थेट मालकांच्या मोबाईलवर:
मगदूम, कारखाना विकलासा काय हो?

मग बाईंनाच बसवलं रेकॉर्डिंगला.
स्टोअरमध्ये, वाळूच्या पोत्यांमागं, आवाज घुमू नये म्हणून.
त्यांनी पदर खोचला,
जणू हातात खोरंच घेणार होत्या.
"नमस्कार. मगदूम कास्टिंग.
ऑर्डरसाठी एक दाबा. डिस्पॅचला दोन.
हिशेबाला तीन.
माल खराब निघाला असंल तर चार, आणि रागावू नका.
नुसतं बोलायचं असंल तर..."
मी हात वर केला.
बाई, तसं बटण नसतं.
"मग कर की. नऊ रिकामंच हाय न्हवं?"

महिनाअखेरीला त्या निवृत्त झाल्या.
शाल, नारळ, चांदीची अत्तरदाणी हुपरीची,
फोटोत डोळे मिटलेले.
नऊ नंबरचं एक्स्टेन्शन मी त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं.
ह्या धंद्याचं हेच बरं,
टेबल कुठं आहे ते फोनला कळत नाही.
कसबा बावड्यात ओट्याशेजारी वाजतो,
शिरोलीतच वाजल्यासारखा.
मालकांना मी सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं नाही.

दर महिन्याला नोंदी काढतो, बिलासाठी.
एक, दोन, तीन, यांची पानंच्या पानं.
नऊची अर्धं पान.
शिरगुप्पी, अकरा मिनिटं.
कोइमतूरचा कुणीतरी, चुकून, चौदा सेकंद,
पुन्हा तोच, दोन दिवसांनी, सहा मिनिटं.
एका सोमवारी, कारखाना बंद असताना,
मालकांच्या केबिनमधनं.
हा नंबर मी दोनदा तपासला.

आणि काही माझे.
टेस्टिंग, असं मी पुढं लिहितो.

परवा लावला तर मागं कुकरची शिट्टी,
शब्द अडखळत, अर्धे गिळलेले.
"तुटतोय रे आवाज तुझा," म्हणाल्या.
सगळ्या कांड्या येईपर्यंत जरा थांबायची मुदत असते,
ती मी वाढवली, लॅपटॉपवर, इकडनंच.
"हां. आता येतोय. बोल."

मला बोलायचं असं काहीच नव्हतं.
कुकर गप्प झाला होता.
तिकडनं आवाज आला, थोडा उशिरा,
पण अख्खा:
जेवलास काय?