पावणेसहाची नोंद

मुनाफ परकारांचा फोन आला तेव्हा
मी दाभोळच्या धक्क्यावर, फेरीबोटीच्या रांगेत,
स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडून.
"मॅडम, सोड्यांचं बटण दाबलं की
गिऱ्हाईक धोपाव्याला जातंय.
पुण्याच्या एका बाईंनी दोन किलो सोडे मागवले,
तर त्यांना विचारलं, एसी की नॉन-एसी?"

मला हसू आलं. त्यांना नाही.

साइट एकच, दारं तीन.
एका नावानं दाभोळची सुकी मासळी.
एका नावानं खाडीपलीकडे बहिणीच्या खोल्या.
तिसरं नाव वडिलांनी घेतलेलं, लाँचचं.
लाँच केव्हाच भंगारात गेली,
नावाचे पैसे मात्र दरवर्षी कुणीतरी भरतं.
वाटणीत वखार वाटली, माड मोजून वाटले.
सर्व्हर काही वाटता आला नाही.

सगळे आधी जे बघतात तेच मीही बघितलं.
नावांची नोंदणी ठीक.
सेटिंगमधला मुख्य पत्ता मोकळा सोडलेला, तोही ठीक.
पानात कुणी हातानं अख्खा पत्ता ठोकलाय का?
एक सापडला, लाँचच्या दरपत्रकात,
पण त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.
आणि चूक रोज येत नव्हती.
सोमवार, मंगळवार चुकीचे, बुधवार धुतल्यासारखा स्वच्छ.
भरतीसारखी सरकत आली असती
तर निदान तक्ता तरी लावला असता भिंतीला.

तिसऱ्या दिवशी कळलं, सर्व्हर काटकसरी आहे.
रात्री तीनला जुनी पानं पुसतो,
मग सकाळी जो पहिला येईल
त्याच्यासाठी सगळे पत्ते एकदाच लिहून काढतो
आणि दिवसभर तेच वाटत बसतो.
पहिला ज्या दारानं आला
त्या दाराचं नाव
तिन्ही दारांच्या पाट्यांवर.

मग नोंदी उघडल्या. कोण येतं पहिलं?

पाच बेचाळीस. पाच एक्केचाळीस. पाच चव्वेचाळीस.
मागच्या डिसेंबरात सव्वासहाच्या पुढे,
मे महिन्यात पाचच्या आसपास.
उजाडण्याबरोबर सरकणारी वेळ,
फजर आटोपून, चपला घालून
घरच्या ओट्यावर बसेपर्यंतची.
फोन दाभोळचा. ज्यावरून मला तक्रारी येतात तोच.
दार बहिणीचं.

खोल्या बघत नाही, दर बघत नाही.
उघडतो फक्त 'आमच्याविषयी'.
तिथं सुरैयाबाईंचा फोटो आहे,
ओढणीचं टोक दातात धरून
बिड्याच्या तव्यावरचं घावन उलटताना.
दीड मिनिट. मग बंद.

आणि बुधवारी? बुधवारी ते मालासाठी चिपळूणला.
सोडे शोधणारा कुणीतरी पहिला येतो,
यांचे पत्ते नीट लागतात
आणि तिच्या खोल्यांची बटणं
दिवसभर सुक्या बांगड्यावर उघडतात.
दीड वर्ष. दर बुधवारी.
तिचा एकदाही फोन नाही आला मला.

दुरुस्ती एका ओळीची.
पान साठवताना दाराचं नावही सोबत लिही, एवढंच.
आता पहिलं कुणीही येवो,
कुणाची पाटी कुणाला लागत नाही.

"काय होतं मग?" परकारांनी विचारलं.
म्हटलं, पहाटे जो पहिला येतो
त्याच्यामुळे सगळं हलत होतं.
"कोण येतो पहिला?"
मी म्हटलं, रेंज जातेय.
जात नव्हती.

बिलात लिहिलं: पत्ते दुरुस्ती, तीन तास.
त्यातले अर्धे पैसे आले, अर्ध्याचे सोडे.

दरपत्रकातला तो हातानं लिहिलेला पत्ता
काढायचा राहिला. राहू दिला.
दाबला तर अजून उघडतो:
दाभोळ ते धोपावे, माणशी तीन रुपये,
मुलांना माफ.