अंगावर काढलेलं

बूट दाराशीच असू द्या, बर्फ तिथं वितळेल.
घड्याळ काढा. गळ्यातलं काढा.
आणि इतकी वर्षं जे अंगावर काढलंत
तेही जमलं तर टांगा या खुंटीवर.

तुर्कूच्या जहाजगोदीमागची गल्ली ही,
वर न्हावी, खाली तळघरात मी, ओर्वोक्की.
एकोणीस वर्षं पाठी वाचते आहे.
भलतंच काही मनात धरून आला असाल
तर जिना मागं आहे,
पायऱ्या अकरा.

बसा. आधी प्रश्न.
सगळे म्हणतात, "काही नाही हो, ठणठणीत."
मग शर्ट उतरतो
आणि कॉलरच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा:
"हा होय? हा पेसमेकर. त्याचं काय?"
कुणाला तिसरा महिना, अजून आईलाही सांगितलेलं नाही,
कुणी रक्त पातळ करायची गोळी घेतं
आणि तिला "ती पांढरी, छोटी" एवढंच म्हणतं.
मला नाव सांगा. नाव नसेल तर डबी आणा.

पोटभर जेवून येऊ नका, उपाशीही नको,
राईच्या पावाचा एक तुकडा पुरे.

कपडे तुम्हाला हवे तेवढेच काढा.
मी बाहेर थांबते, दार वाजवून येते.
चादर तुमची. जिथं हात, तेवढाच भाग उघडा.
माइरे बाई सात वर्षं लोकरीचे मोजे घालूनच झोपतात,
मी कधी विचारलं नाही,
त्यांनी कधी सांगितलं नाही,
आमचं छान चाललंय.

दुखलं तर बोला.
इथली माणसं दात आवळून पडून राहतात
जणू मी त्यांची परीक्षा घेते आहे.
कळ सोसण्याचे मार्क मी देत नाही.
पोट गुरगुरेल, घोरणं येईल,
कधी उगाच डोळे भरतात.
टेबलाच्या भोकातून थेंब फरशीवर पडतो,
माझं लक्ष तेव्हा
तेलाच्या बाटलीकडे असतं.

नोव्हेंबरात वेयो आला होता.
ट्रकवाला. तीन दिवस चाकामागं बसून थेट इथं.
"डावी पोटरी रगडा, गोळा आलाय. जोरात."
बाकी काही? "काही नाही."
मी पालथा हात लावला.
उजवी पोटरी तळघरासारखी गार,
डावी ताज्या पावासारखी ऊन,
फुगलेली, मोज्याचा वळ खोल.
हात काढून घेतला.

"पैसे दिलेत मी."
परत दिले.
"रगडायचंच तर काम तुमचं."
न रगडणं हेही माझंच काम, म्हटलं,
आणि टॅक्सी बोलावली इस्पितळाची.
दार असं आपटलं त्यानं
की वरच्या न्हाव्याची कात्री थांबली.

सहा आठवडे काही नाही.
मग एका दुपारी घंटी.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा
टेबलावर ठेवला, आभार वगैरे म्हणाला नाही.
खुर्चीत बसला आणि न विचारता सुरू झाला:
गुठळी होती, मांडीपर्यंत.
गोळीचं नाव. किती मिलिग्रॅम.
डॉक्टरनं अजून पायाला हात लावू नका म्हटलंय,
फक्त खांदे चालतील, ही चिठ्ठी.
एकोणनव्वद साली मोडलेली बरगडी.
मी लिहीत होते.
मग थांबला. टोपी हातात फिरवली.
"बायको गेली ऑगस्टात.
ते पण लिहायचं असतं का?"

रकाना नव्हता त्यासाठी.
समासात लिहिलं.

नंतर पाणी प्या, सावकाश उठा,
आज लगेच सौनात जाऊन बसू नका.
याचा उपयोग नाही, तुम्ही जाणारच,
तरी सांगते.

पेन चालतंय.
हं, बोला.
"काही नाही" पासून सुरुवात केलीत तरी चालेल,
मला वेळ आहे.