तीनशे एकसष्ट

फेब्रुवारीच्या दोन तारखेचा पेपर
बेटावदला पोचतो साडेनऊच्या एसटीनं,
कंडक्टरच्या सीटखाली दुमडलेला.
पहिल्याच पानावर रुपयाचं नाणं,
नऊ फोडी, नऊ रंग,
वर मथळा: रुपया असा जाणार.

सातवीला त्याच आठवड्यात वृत्तालेख होता.
म्हटलं, आयतंच झालं.
एका पैशाला तीन पूर्णांक सहा दशांश अंश,
करा गुणाकार.

व्याज वीस पैसे: बहात्तर.
राज्यांचा वाटा बावीस: एकोणऐंशी पूर्णांक दोन.
संरक्षण आठ: अठ्ठावीस पूर्णांक आठ.
अनुदानं सहा: एकवीस पूर्णांक सहा.
असं करत करत खाली "इतर"पर्यंत.

नऊ फोडींत एकट्या व्याजाचा कोन पुरा आला.
बाकी सगळ्यांना दशांशाचं शेपूट,
आणि कंपासपेटीतल्या कोनमापकावर
दशांशाची रेघ नसते.

"जवळच्या पूर्ण अंशाला आणा," मी सांगितलं.
दिगंबर ठेलारीला हे लगेच पटलं.
त्यांच्या वाड्यावर मेंढरं मोजतात
आणि अर्धं मेंढरू कुणी पाहिलेलं नाही.

गुलाब मालचेनं बेरीज केली.
खोडली, परत केली. मग उभा राहिला.
"सर, तीनशे एकसष्ट व्हयनात."

मी करून पाहिली.
तीनशे एकसष्ट.

वर्तुळ काही ऐकत नाही.
कंपासनं कितीही मोठं काढा, तीनशे साठच.
एक अंश कुणाचा तरी कापायला हवा होता,
आणि घंटेला बारा मिनिटं होती.

"संरक्षणाचा नको," योगिनी गिरासे म्हणाली.
तिचे पप्पा लेहला आहेत,
फोनवर श्वास लागतो त्यांना.
"पेन्शनचा नका कापू," अल्फिया पिंजारी,
आजोबा टपाल खात्यातून सुटलेले,
पहिल्या तारखेला घरात जिलबी त्यांच्याकडून.
अनुदानात रेशनचा तांदूळ येतो हे सांगितल्यावर
मागच्या दोन्ही बाकांनी मान हलवली: नाही.

"मंग व्याजना कापू," दिगंबर.
मी म्हटलं, ते आधीच काढून ठेवावं लागतं.
"कोणले द्यानं शे?"
ज्यांच्याकडून घेतलं त्यांना.
"मंग घेतं कसाले?"
खर्चाला कमी पडतं म्हणून.
तो खाली बसला,
पण उत्तर मिळाल्यासारखा नाही.

शेवटी उरलं "इतर".
तिथे कुणाचं कुणीच नव्हतं,
ना काका, ना मामा, ना शेजारी.
एकमतानं ठरलं, इतरचा कापा.
फुटपट्टी लावली तेवढ्यात गुलाब:
"सर, आपली शाळा कोठे शे यामा?"

मी पेपर जवळ घेतला.
शाळा या नावाची फोड नव्हती. दवाखानाही नव्हता.
योजनांत असेल थोडी, राज्यांच्या वाट्यात असेल,
बोट फिरवत राहिलो.
"इतरमा तं नही ना?"
नसावी, मी म्हणालो.
नसावी हा शब्द त्यांनी बरोबर ऐकला.

फुटपट्टी उचलली गेली.

बाहेर ठगूबाईनं खिचडीच्या पातेल्यावर पळी वाजवली.
"गुरुजी, आज पट कितला?"
एक्केचाळीस.
तिनं तेवढ्यात भागवलं, नेहमीसारखं,
पातेल्याच्या तळाशी पळी खरवडत.

वर्गात दिगंबर एकटाच थांबला होता.
त्याची पेन्सिल बोथट, टोकयंत्र हरवलेलं.
त्यानं केंद्रापासून नऊ रेघा ओढल्या,
जाड, काळ्या, गिरवून गिरवून,
आणि वर्तुळ बंद झालं.
कुणाचा काही कापला नाही.
जास्तीचा अंश त्या नऊ रेघांखाली
थोडा थोडा गेला असणार.

त्या एका अंशाचे रुपये किती,
मधल्या सुट्टीत मी फळ्यावर मांडून पाहिलं.
शून्यं चौकटीला टेकली
तेव्हा पुसून टाकलं.

मार्चात केंद्रप्रमुख आले.
भिंतीवरचा तक्ता पाहिला, रंग आवडले त्यांना.
"रेघा जरा जाड आल्यात," म्हणाले.
पेन्सिलीला टोक नव्हतं, मी म्हणालो.
त्यांनी शेऱ्यात लिहिलं:
शैक्षणिक साहित्य पुरेसे.