फोन करण्यापूर्वी कळवावे

आठ तास मी हेडफोन लावून
लोकांचे संपलेले सिलिंडर ऐकते.
ग्राहक क्रमांक सांगा. लाइनवर राहा.
एरंडवण्यात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून.
दिवसाला शंभर-सव्वाशे माणसं डाव्या कानातून आत येतात,
काही भडकलेली, काही मिणमिणती,
एक आजोबा तर नुसतेच, जेवलीस का विचारायला.
साडेसहाला वाटतं, कान काढावेत
आणि टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावावं.

म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय: लिहा.
दोन ओळी लिहा, दहा लिहा, ऱ्हस्वदीर्घ चुकवा, चालेल.
दुकानांना एक ते चार असतं,
मला साडेसहा ते उजाडेपर्यंत.

ऐकतंय कोण?
फिरोज सात-सात मिनिटांचे आवाज पाठवतो,
हेल्मेटच्या आतून,
त्यात निम्मा कर्वे रस्ता.
संयोगिता लिहिते. हं. बरं. बघू.
पूर्णविराम दिला की समजायचं, बाईसाहेब बिनसल्यात.
उदयन काहीच म्हणत नाही,
गॅलरीतल्या टोमॅटोचा फोटो टाकतो.
हिरवा. हिरवा. हिरवा. एक दिवस जरासा पिवळा.
आम्ही चौघं त्यावर अंगठे उठवतो.

आणि वैजयंती. ती फोनच करते.
भेंडी चिरताना, रिक्षात, भाजीवाल्याशी घासाघीस करताना मधेच.
"अगं काम काही नाही," अशी सुरुवात,
आणि खरंच काही नसतं.

मार्चातला मंगळवार. सात दहा.
एकदा वाजला, दोनदा, तिसऱ्यांदा.
मी फोन पालथा घातला, चहा गाळला,
मग लिहिलं: लिही ना गं, कान दमलेत.
दोन निळ्या खुणा.
वर अक्षरं आली, टाइप करतेय.
गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.
चहा संपेस्तोवर मी ते बघत होते
मासा वर येऊन खाली जावा तसं.
शेवटी आलं: काही नाही. नंतर

पूर्णविराम नव्हता.
मी म्हटलं, म्हणजे ठीक असेल.

दुसऱ्या दिवशी संयोगितानं सांगितलं,
एका दमात, एकही टिंब न देता:
रिपोर्ट आलाय गाठ आहे ती पार्किंगमध्ये उभी होती
तिला स्कूटर सापडत नव्हती
चार रांगा, सगळ्या पांढऱ्या,
हातात पाकीट, किल्ली कुठे लावू कळेना,
एवढंच विचारायचं होतं तिला कुणाला तरी,
मी कुठे लावली असेल गं?

धायरी फाट्याला उतरून चालत गेले.
कळवलं नाही.
दार उघडून ती म्हणाली, "कळवायचंस तरी."
मग आम्ही दोघी इतक्या हसलो
की समोरच्या बाईंनी साखळी लावून दार किलकिलं केलं.

आत ओट्यापाशी मटार.
मी वाट बघत राहिले, आता बोलेल.
"आज तू बोल," ती म्हणाली. "माझं तोंड दमलंय."
काय बोलू? मला सिलिंडरच येतात.
तेच सांगितले. नऱ्ह्याचा तो माणूस, रेग्युलेटरला शिव्या घालणारा,
जेवलीस का विचारणारे आजोबा,
दीड तास, पहिल्यांदाच कुणाचा ग्राहक क्रमांक न मागता.
ती सोलत होती.
मधेच एक दाणा माझ्या तळहातावर ठेवायची,
पुढे, असं म्हणावं तसा.

गाठीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल.

मला अजूनही लिहिलेलंच आवडतं.
हे तिलाही माहीत आहे, म्हणून ती अजूनही फोनच करते.
पण हल्ली बोलत नाही फारसं.
लावते, ओट्यावर ठेवते, कामाला लागते.
मी इकडे पाय वर घेऊन बसते.
नळ. डबा. पळी. तिचा खोकला.
कुकरची एक शिट्टी.
दुसरी.
"तीन झाल्या," मी म्हणते, "बंद कर."
"दोनच झाल्यात."
"तीन. मी ऐकतेय."