दुसरी जोडी

पहाटे नदीवर पोचलो, तेव्हा तोंग युगुईने
आधी माझे पाय पाहिले.
"बूट फार घट्ट," म्हणाला. "बोटांना आत हलायला जागा नको?"
पोतडीतून त्याने गवत काढलं,
मोगरीने कुटून मऊ केलेलं,
बुटाच्या तळाशी त्याचं घरटं करून दाखवलं.
मी हसलो.
माझ्याकडे बॅटरीवर तापणारे तळवे होते. नवे.

सुंगह्वा नदी हातभर जाड झाली होती.
करवत, आकडा, फळी, पुन्हा करवत.
लादी पाण्याबाहेर येते तेव्हा
आत अडकलेले बुडबुडे दिसतात,
कुणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखे.
हार्बिनमध्ये या लाद्यांचा राजवाडा होणार,
आत निळे दिवे लागणार, लोक तिकीट काढून येणार.
आम्हाला लादीमागे पैसे.

उणे अठ्ठावीस.
नऊला बॅटरी गेली.
साडेनऊला डाव्या पायाची करंगळी,
म्हणजे होती तिथेच, फक्त ओ देईना.
मी एकेका बोटाची हजेरी घेत होतो
आणि आकडा निसटला.
मनगटापर्यंत हात पाण्यात.
बाहेर काढेपर्यंत हातमोज्याचा पत्रा झालेला.

शेकोटीकडे धावलो.
तोंगने कॉलरला धरून मागे ओढलं.
"बधिर हात विस्तवाला दाखवू नये.
जळला तरी तो सांगणार नाही."
त्याने कोटाची बटणं सोडली,
मग आतल्या जाकिटाची,
मग त्याच्याही आतल्या, बायकोने विणलेल्या कशाची तरी,
आणि पोटाजवळून हातमोज्यांची दुसरी जोडी काढली.
नुकत्याच उतरवलेल्या पावासारखी गरम.

माझी ओली जोडी घेतली,
झटकली, बर्फ पाडला,
आणि त्याच जागी, उघड्या कातडीवर ठेवली.
त्याचा श्वास अर्ध्यावर अडकला.
मग बटणं लावून करवत उचलली.

ज्याचं पोट हातावर,
त्याने हात पोटावर सांभाळावेत.
हे तो बोलला नाही. त्या दिवशी तो फारसं बोललाच नाही.
फक्त मधूनमधून "बोटं हलव" एवढंच,
मागे न बघता.

संध्याकाळी ट्रकमध्ये त्याने जोडी परत केली.
कोरडी. लसणाचा, तंबाखूचा वास.
मी बुटांकडे बघत म्हटलं, ते गवत...
"उद्या," म्हणाला,
"आजचं ओलं झालंय."
आणि झोपी गेला, दोन्ही हात काखेत घालून.