झाड क्रमांक १४२२

दिल्ली दरवाजा ओलांडला
की शहराचा आवाज पातळ होतो,
पाहुणे वाढल्यावर ताकात पाणी घालावं तसा.
पुढं बाग. बाग कसली, रानच ते.
आंब्यांच्या जुन्या रांगा, त्यांत घुसलेली करंजं, भोकरं, सुबाभळी;
आपण रांगेत आहोत हेच विसरलेली झाडं.

आज रिकाम्या हातानं आले.
मागच्या मार्चात गळ्यात ओळखपत्र होतं,
पिशवीत पत्र्याचे बिल्ले, खिळे, हातोडी,
आणि सोबत शमीमआपा.
झाडामागे चार रुपये, दोघींत.
आपा खोडाला मिठी मारायची
(टेप मागून पुढं आणायला तेवढं करावंच लागतं)
आणि आकडा ओरडायची.
मी लिहायची: जात. घेर. उंची, अंदाजे.
प्रकृती: चांगली, बरी, वाईट.
घरच्या माणसांची एवढी विचारपूस
त्या उन्हाळ्यात मी केली नाही.

वॉचमन पाडळकर अजून ओळखतात.
"काय मॅडम, परत मोजायलात का?"
म्हटलं, नाही, नुसतं बघायला आले.
त्यांना काही ते पटलं नाही.
नुसतं बघायला इथं कोण येतंय?
पहाटे शुगरवाले येतात, हात झाडत, उलटे चालत.
दुपारी कॉलेजची पोरं, नावं कोरायला.
एका आंब्यावर माझा ९८७ आणि खाली 'पूनम'.
दोन्हींतून सारखाच डिंक आलेला.

पाचोळा असा वाजतो
की आपल्याच मागं आपण चालतोय असं वाटतं.
मोर ओरडतो, दिसत नाही.
मी आकडे वाचत जाते.

१३९८, चिंच.
हिच्याखाली मी डबा खाल्ला. आपाचा रोजा होता.
"तू खा गे, मैं देखती," म्हणाली
आणि खरंच बघत बसली, माझ्याकडं नाही, वर.
वर धनेशाची जोडी.
मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते,
नर महिनोन् महिने फटीतून भरवतो, तिनं सांगितलं.
मग जरा थांबून,
"हमारे मोहल्ले में ऐसे नर नहीं आते."
मला ठसकाच लागला.

१४२१, वावळ.
आणि पुढं ते.

ते मेलेलंच होतं, तेव्हाही.
साल गळालेली,
फांद्या कापड उडालेल्या छत्रीसारख्या.
वाळलेलं मोजायचं नाही, असा नियम.
त्याचे पैसे नाहीत. त्याची यादी वेगळी, तोडायची.
आपानं तरी टेप गुंडाळली.
"एकशे नव्वद!"
म्हटलं, आपा, हे गेलंय.
तिनं बोट वर केलं.
एका ढोलीत पोपट, दुसरीत पोपट, तिसरीत पिंगळा,
झोपमोड झालेल्या कारकुनासारखा
आमच्याकडं बघत.
"घर में लोग हैं, तो मकान मरा कैसे?"

मी लिहिलं: आंबा. १९०. प्रकृती: बरी.
खाडाखोड वहीत पुष्कळ होती,
खोटं एवढं एकच.

आहे अजून.
बिल्ला एका खिळ्यावर लोंबतोय, उलटा.
पोपट आहेत. पिंगळा दिसला नाही,
पण ढोलीखाली पांढरे शिंतोडे ताजे आहेत.
फोटो काढला, आपाला पाठवला, जालन्याला.
ती आता मुलीकडं असते,
गुडघ्यांमुळं जिना उतरत नाही.
लगेच तिचा आवाज आला फोनमध्ये, मागं कुकरची शिट्टी:
"घेर कितना हुआ?"

मेलेलं झाड वाढत नाही, हे तिलाही ठाऊक.
टेप नव्हती.
इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं,
आणि हात टाकले खोडाभोवती.
बोटं पोचली नाहीत एकमेकांना.
वीतभर, दीड वीत राहिलीच.

"एकशे नव्वद," मी सांगितलं.
"लिख ले," ती म्हणाली.

साडेदहा वाजले होते. आज नवव्या दिवशी
आमच्या गल्लीत पाणी सुटणार होतं.
गाडी दामटत घरी आले, हंडे लावले, पिंप, बादल्या, पातेली,
शेजारच्या विमलताईंचाही ड्रम भरला.
सगळं भरून झाल्यावर लक्षात आलं,
कोपराच्या वर अजून
त्या झाडाचा पिवळा भुगा होता.