सूर्त

अडतीस मात्रा गप्प. मग एकच स्वर.
माझ्या पानावर एवढंच आहे:
गज घोडीला जवळजवळ टेकवून,
तीन मात्रा, तिसरी विझत विझत.
वर एक इटालियन शब्द, ज्याचा अर्थ
आत्याकडे राहून शिकत होते तेव्हा
कुडतरीच्या मेश्त्र एवारिस्तनी सांगितला होता:
"कांचेवरी गो. फुटपाची न्हय,
फुटतली कशी दिसपाची."

कांपालच्या सभागृहात तालमीला आम्ही बावन्न,
काही बेंगळुरूचे, दोघे पुण्याचे,
बसून वाजवणारा फावियान नुव्याचा.
बसून हे वाद्याचं नाव. बाबांना सांगितलं
तर म्हणाले, मग उभ्याने काय वाजवतात?
त्याला इतकं वर चढवलंय
की बसून बसून राहतच नाही,
रात्री खाजनात एखादा पक्षी
दुसऱ्याच पक्ष्याचा गळा उसना आणून ओरडतो
तसं काहीतरी.
ट्रम्पेटच्या तोंडात बोळे.
व्हायोलिनवाले गज उलटा करून लाकडाने तारा ठोकतात,
पहिल्या दिवशी सगळ्यांनी चोरून
आपापली काठी तपासली.
ड्रम वाजतो अगदी कडेला.
जणू कुणीच आपल्या घरी नाही,
जो तो शेजाऱ्याच्या पडवीत झोपलेला.

शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणीतरी ठरवलं
की चाल हलवायचीच नाही.
पाच स्वरांची मोळी जागेवर ठेवायची
आणि उचलणारे हात बदलायचे.
बासरी निघते, क्लॅरिनेट शिरतं,
क्लॅरिनेट निघायच्या आधी मी आत हवी.
"सांधा दिसला," कंडक्टर म्हणते. पुन्हा.
"सांधा."
पुन्हा.
अकराव्यांदा तिने काठी ठेवली, पाणी प्यायली.
व्हायोला, म्हणाली, तू दार उघडून येतेस.
येऊ नकोस. अगोदरपासून अस.

म्हार्दोळच्या नगारखान्यात
राघूमामा सनईवर पहाट उलगडायचे,
लोक मान वर करून राघूमामांना बघायचे.
शेजारी बाबा, सूर्त धरून.
एक सोडून सगळी भोकं मेणाने बुजवलेली.
एक स्वर, एकोणतीस वर्षं.
शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय वाजवतात?
मी म्हटलं, वाजवत नाहीत. धरतात.

गाल फुगलेले, डोळे खाली
फुलवाल्यांच्या पाट्यांवर कुठेतरी.
श्वास कुठे संपून कुठे सुरू झाला
ते पकडायला मी पायरीवर बसायचे.
एकदाही सापडलं नाही.
रंग मात्र सापडायचा.
पत्ती ओली असली की स्वर तांबूस,
उन्हं चढली की सुकलेल्या गवताचा,
आणि जत्रेच्या चौथ्या रात्री, ओठ चिरल्यावर,
एक करडा, किंचित खरखरता,
जो मला आवडायचा नाही.
मी कान झाकून घ्यायचे.
आज तोच शोधतेय, घोडीपाशी,
हप्त्याने घेतलेल्या गजाने.

बाराव्यांदा.
गज आधीच तारेवर नेऊन ठेवला, हलवला नाही.
शेजारच्या इनासियाला वाटलं, माझी मोजणी चुकली.
क्लॅरिनेटच्या फुंकरीखाली,
ती अजून भरलेली असतानाच,
माझं मलाही न कळता
काहीतरी सुरू झालेलं होतं.
कंडक्टर काही बोलली नाही, पान उलटून पुढे गेली.
म्हणजे जमलं असावं.
किंवा सभागृहाची वेळ संपत आली असावी.

मडगावच्या कदंबातून, जुवारीच्या पुलावर, फोन केला.
आज काय वाजवलंस?
एक स्वर.
किती वेळ?
तीन मात्रा.
पूल संपेपर्यंत त्यांच्याकडून आवाज नाही.
मला वाटलं, रेंज गेली.

"तीनच?" म्हणाले मग.
"पैसे पुरे देतात ना?"